एकक बदलताना उत्तर दरवेळी चुकतंय? आधी चूक किती पटीची आहे ते बघा

लक्षण ओळखीचं आहे. १ किलोमीटर म्हणजे १००० मीटर हे प्राथमिक शाळेपासून माहीत आहे, गुणाकारही नीट केलाय, तरी पुस्तकाच्या मागचं उत्तर वेगळंच. ७२ किमी/तास हा वेग मीटर प्रति सेकंदात लिहा म्हटलं की अकरावीच्या कुठल्याही वर्गात दोन-चार वह्यांत २५९.२ सापडतं. दुसऱ्या दिवशी त्याच वहीत ५४ किमी/तासाचं १५ मी/से बरोबर आलेलं असतं, आणि परीक्षेत पुन्हा गाडी २५९ ला. सातबाऱ्यावरचं क्षेत्र गुंठ्यात काढणारे, फ्लॅटचं चटईक्षेत्र चौरस फुटात करून बघणारे, धरणातून सोडलेल्या पाण्याचा हिशेब मांडणारे, सगळ्यांची तक्रार हीच: कधी जमतं, कधी नाही.

कधी जमतं आणि कधी नाही, याचा अर्थ "गुणू की भागू" हा निर्णय अंदाजाने होतोय. "किमी/तासाचं मी/से करताना ५/१८, उलट जाताना १८/५" हे पाठांतर अगदी इथेच दगा देतं, कारण दोन्ही अपूर्णांक एकाच वेळी डोक्यात असतात आणि त्यांच्यावर नाव-गाव काही लिहिलेलं नसतं.

म्हणून पहिली सूचना: चुकलेलं उत्तर खोडू नका. ते बरोबर उत्तराने भागा. २५९.२ ÷ २० = १२.९६. हा आकडा आला कुठून? ३.६ चा वर्ग आहे तो. ३.६ ने भागायच्या ऐवजी ३.६ ने गुणलं की चूक बरोबर ३.६ × ३.६ पट होते. मैल-किलोमीटरमध्ये हीच चूक १.६०९ च्या वर्गाची, म्हणजे सुमारे २.५९ पट दिसेल. फूट-मीटरमध्ये १०.७६ पट. चूक गुणकाच्या वर्गाएवढी असेल तर बहुतेक वेळा अपूर्णांक उलटा पडलाय. चूक नुसत्या गुणकाएवढी असेल तर एखादी पायरी गळली, किंवा क्षेत्रफळाला लांबीचा गुणक लावला. चूक १००० किंवा १०,००,००० पट असेल तर मिली, मायक्रो, किलो यांच्यापैकी कुणीतरी उलटं बसलंय. एक-दोन टक्क्यांचाच फरक असेल तर तुम्ही दोन वेगळी एककं एकच धरून चालला आहात. आणि चुकीला कसलाच आकार नसेल, तर फूट-इंच किंवा गुंठे-आणे दशांश चिन्हात लिहिलेत का ते तपासा. पुढे यातल्या एकेकाकडे येऊच.

गुणायचं की भागायचं, हे आकड्याला नाही, एककाला विचारा

एककंही आकड्यांसारखीच गुणायची आणि कापायची, या पद्धतीचं मिती विश्लेषण हे नाव भारदस्त आहे, काम अगदी साधं आहे. १ किमी = १००० मी. दोन्ही बाजूंना १ किमी ने भागलं तर १००० मी / १ किमी = १. उलट केलं तरी १ किमी / १००० मी = १. म्हणजे हे दोन्ही अपूर्णांक १ च आहेत. कुठल्याही राशीला १ ने गुणलं तर ती राशी बदलत नाही, फक्त तिचं एकक बदलतं. दोघांतला कोणता घ्यायचा? जे एकक घालवायचंय ते अंशात असेल, तर ते छेदात असलेला अपूर्णांक घ्या. छेदात असेल, तर अंशात असलेला. नियम एवढाच.

७२ किमी/तास × (१००० मी / १ किमी) × (१ तास / ३६०० से) = २० मी/से

किमी वर आहे, खालच्या किमीने तो कापला गेला. तास खाली आहे, वरच्या तासाने तो कापला गेला. मी वर उरला, से खाली. भागाकार करायचाय हे आपण ठरवलंच नाही, ते मांडणीतून आपोआप आलं.

आता उलटं मांडून बघा, मुद्दाम:

७२ किमी/तास × (१ किमी / १००० मी) × (३६०० से / १ तास) = २५९.२ किमी²·से / (मी·तास²)

मला हे उदाहरण फार आवडतं. कारण २५९.२ हे उत्तर चूक नाहीच मुळी! वरची ओळ शंभर टक्के खरी आहे. फक्त ते उत्तर अशा एककात आहे जे जगात कुणी वापरत नाही. विद्यार्थ्याने आकडे गुणले, एककं गुणली नाहीत, आणि शेवटी "मी/से" हे आपल्या मनाने चिकटवलं. चूक त्या चिकटवण्यात आहे. एकक ही उत्तराच्या शेवटी लावायची शेपटी नव्हे, ते आकड्याबरोबर प्रत्येक ओळीत चालत येतं. "उत्तरात एकक लिहा, अर्धा गुण जातो" असं सांगून आपणच मुलांना ते शेवटी लावायला शिकवतो, हे माझं मत.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं १४३ क्रमांकाचं उड्डाण मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. विमान बोइंग ७६७, कंपनीच्या ताफ्यात नवं, आणि इंधन किलोग्रॅममध्ये मोजणारं. इंधनाचा काटा बंद होता, म्हणून टाकीत पट्टी बुडवून मोजलं: ७,६८२ लिटर. प्रवासाला लागणार होतं २२,३०० किलो. लिटरचं वजनात रूपांतर करायला १.७७ हा आकडा घेतला गेला. ७,६८२ × १.७७ = १३,५९७. २२,३०० मधून ते वजा करून उरले ८,७०३. त्याला १.७७ ने भागून ४,९१७ लिटर. तेवढं भरलं आणि विमान उडालं.

१.७७ होतं पौंड प्रति लिटर. किलो प्रति लिटर असतं तर ०.८०३ घ्यायला हवं होतं. हीच आकडेमोड एककांसकट लिहून बघा: ७,६८२ लिटर × १.७७ पौंड/लिटर = १३,५९७ पौंड. लिटर कापला गेला, पौंड उरला. २२,३०० किलोमधून १३,५९७ पौंड वजा करायला कुणाचाही हात अडेल. पण कागदावर नुसतं १.७७ होतं. प्रत्यक्षात टाकीत सुमारे १०,१०० किलो इंधन होतं, गरजेच्या निम्म्याहूनही कमी. ४१,००० फुटांवर असताना इंधनाच्या दाबाचे इशारे सुरू झाले आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा अनुभव होता, म्हणून मॅनिटोबातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर विमान उतरलं. ६९ जण होते, सगळे वाचले. भरायला हवं होतं सुमारे २०,००० लिटर, भरलं गेलं पाच हजारसुद्धा नाही.

क्षेत्रफळ: जिथे सगळ्यात जास्त पैसे बुडतात

६० चौरस मीटरचा फ्लॅट. १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, म्हणून ६० × ३.२८ = १९७ चौरस फूट? एवढ्यात एक मोठी खोली होते, फ्लॅट नाही. मांडणी अशी हवी:

६० मी² × (१ फूट / ०.३०४८ मी) × (१ फूट / ०.३०४८ मी) = ६४५.८ फूट²

मी² म्हणजे मी × मी. एक अपूर्णांक लावला तर एकच मीटर कापला जातो आणि हातात "मीटर-फूट" नावाचं काहीतरी उरतं. ते उरलेलं दिसलं की दुसरा अपूर्णांक लावावाच लागतो, लक्षात ठेवायला काही नाही. चूक किती पटीची? ६४५.८ ÷ १९७ म्हणजे ३.२८. नुसत्या गुणकाएवढी.

घनफळात अपूर्णांक तीनदा लागतो. आणि इथे वरच्या निदानाला एक अपवाद आहे: घनफळात एकदाच लावून थांबलात तर चूक गुणकाच्या वर्गाएवढी येते, म्हणजे अपूर्णांक उलटा पडल्यासारखीच दिसते. घनफळाचं गणित असेल तर आधी घात मोजा, उलट-सुलट नंतर बघा.

आता जमीन. इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे एकाच शेताची तीन पिढ्यांची कागदपत्रं तीन पद्धतींची असतात. आजोबांचा कागद एकर-गुंठे-आण्यांचा, आजचा सातबारा हेक्टर-आर-चौरस मीटरचा, आणि प्लॉट विकणारा बोलतो चौरस फुटात.

पक्के धागे हे: १ गुंठा = ३३ फूट × ३३ फूट = १,०८९ चौ.फूट. ४० गुंठे = १ एकर = ४३,५६० चौ.फूट. १६ आणे = १ गुंठा. १ हेक्टर = १०० आर = १०,००० चौ.मी. १ आर = १०० चौ.मी. आणि या दोन जगांना जोडणारा पूल एकच: १ फूट = ०.३०४८ मीटर. हा आकडा १९५९ पासून व्याख्येनेच ठरलेला आहे, मोजून काढलेला नाही, त्यामुळे त्याच्या पुढे दशांश स्थळं शोधत बसू नका.

सातबाऱ्यावर ०.४०.५० असं क्षेत्र आहे. म्हणजे ० हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर, एकूण ४,०५० चौ.मी.

४,०५० मी² × (१ फूट / ०.३०४८ मी)² × (१ गुंठा / १,०८९ फूट²) = ४०.०३ गुंठे

थोडक्यात एक एकर. मीटर गेले, फूट आले, फूट गेले, गुंठा उरला.

इथली नेहमीची चूक म्हणजे आर आणि गुंठा एकच धरणं. गावाकडे "चाळीस आर म्हणजे चाळीस गुंठे, एकरच की" असं सहज बोललं जातं. १ गुंठा = १.०११७ आर. फरक सव्वा टक्क्याहून कमी, म्हणून कुणाच्या डोळ्यावर येत नाही. पण ४० आर म्हणजे ४३,०५६ चौ.फूट आणि एकर म्हणजे ४३,५६०. एका एकरामागे पाचशे चौरस फुटांहून जास्त. बागायतीत कुणी दुर्लक्ष करेल, बिगरशेती प्लॉटच्या भावात करून बघा.

दुसरी चूक आण्यांची. ३ गुंठे ८ आणे म्हणजे ३.८ गुंठे नव्हे, ३.५ गुंठे. पट्टीवर ५ फूट ७ इंच मोजून ५.७ × ३०.४८ = १७३.७ सेंमी लिहिणारे याच घराण्यातले. खरं उत्तर ६७ इंच × २.५४ सेंमी/इंच = १७०.२ सेंमी. जिथे दहाचा हिशेब नाही तिथे दशांश चिन्ह टाकायचं नाही. आधी सगळं लहान एककात आणा, मग पुढे चला. या चुकीच्या पटीला आकार नसतो म्हटलं ते यासाठी. आकड्यागणिक ती वेगळी येते.

आणि आण्यातच आणखी एक खड्डा आहे, जो मला फार सुंदर वाटतो. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, आणि तिचेही भाग १६, त्यांनाही आणे म्हणायचे. म्हणजे आणा लांबीचाही आहे आणि क्षेत्राचाही. १ साखळी × १ साखळी = १ गुंठा. लांबीचा आणा म्हणजे १/१६ साखळी, सरळ ३३ ÷ १६ = २.०६२५ फूट. आता ८ आणे × ८ आणे मापाचा तुकडा किती क्षेत्राचा? ६४ आणे म्हणाल तर चार गुंठे होतील. खरं बघा:

८ आणे × ८ आणे × (१ साखळी / १६ आणे) × (१ साखळी / १६ आणे) = ०.२५ साखळी² = ०.२५ गुंठा = क्षेत्राचे ४ आणे

६४ आणि ४. सोळा पटीची चूक. वह्या तपासताना सोळाची पट दिसली आणि विषय जमिनीचा असला तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. क्षेत्राचा आणा म्हणजे लांबीचा आणा × साखळी, लांबीचा आणा × आणा नव्हे.

ब्रास, टीएमसी, क्युसेक

आणा एकटा नाही, बांधकामावरचा ब्रासही असाच दुहेरी आहे. वाळू-खडी घेताना ब्रास म्हणजे १०० घनफूट. प्लॅस्टर, फरशी, सेंटरिंगच्या मजुरीत ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. ठेकेदाराने "आठ ब्रास स्लॅब आहे" म्हटलं तर तो क्षेत्रफळ सांगतोय. काँक्रीट किती लागेल? जाडी पाच इंच धरू:

८०० फूट² × ५ इंच × (१ फूट / १२ इंच) = ३३३ फूट³ = ३.३३ ब्रास

आता इथला ब्रास घनफुटातला. एकाच कागदावर आठ ब्रास आणि ३.३३ ब्रास, दोन्ही बरोबर, कारण एक फूट² आहे आणि दुसरा फूट³. कागदावर नुसतं "ब्रास" लिहू नका, पुढे चौ.फूट की घ.फूट ते लिहा. भांडणं टळतात.

पावसाळ्यात प्रश्न येतो टीएमसीचा. १ टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, म्हणजेच १०० कोटी घनफूट.

१०० कोटी फूट³ × (०.३०४८ मी / १ फूट)³ × (१००० लिटर / १ मी³) = सुमारे २,८३२ कोटी लिटर

"धरणात इतके टीएमसी पाणी आहे आणि विसर्ग इतके क्युसेक आहे, तर क्युसेकचे टीएमसी किती?" हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं. एककं लिहिली की कळतं, प्रश्नच अपुरा आहे. टीएमसी फूट³ आहे, क्युसेक फूट³/से. छेदातला सेकंद कापायला वेळ द्यावा लागतो, आणि तो प्रश्नात नाही. एक दिवस दिला तर:

१०,००० फूट³/से × (३६०० से / १ तास) × (२४ तास / १ दिवस) × १ दिवस = ८६.४ कोटी फूट³ = ०.८६४ टीएमसी

उलट गेलात तर दिवसभरात एक टीएमसी जायला ११,५७४ क्युसेक विसर्ग लागतो. उजनीसारखं सुमारे ११७ टीएमसीचं धरण तेवढीच आवक असेल तर भरायला ११७ दिवस. हा एक आकडा डोक्यात राहिला तर बातम्या वाचणं बरंच सोपं होतं.

याच जातीचा शेतीतला हिशेब: एका हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ०.००१ मी × १०,००० मी² = १० मी³, दहा हजार लिटर. शेततळ्याची मापं काढताना इथूनच सुरुवात करा.

हजार आणि दहा लाख पटीच्या चुका

मायक्रोमीटर-मीटर करताना निम्मे लोक "१ मी = १० चा उणे सहावा घात मायक्रोमीटर" असं लिहून बसतात. माझी साधी युक्ती: रूपांतराच्या अपूर्णांकात उणे घात लिहायचाच नाही. मोठ्या एककापुढे १ लिहा, लहान एककापुढे मोठा आकडा. १ मी / १०,००,००० मायक्रोमीटर. लहान एककं जास्त लागणार हे पोटातून कळतं, उणे घातातून कळत नाही.

प्रकाशवर्षाचंही तेच. ते वर्षात मोजायचं की किलोमीटरमध्ये, हा गोंधळ एककं स्वतःच सोडवतात: ३,००,००० किमी/से × ३.१५६ कोटी से = ९.४७ लाख कोटी किमी. सेकंद कापले गेले, किलोमीटर उरले, म्हणजे हे अंतर. प्रकाशाचा वेग काटेकोर २,९९,७९२.४५८ किमी/से घेतला की ९.४६ लाख कोटी येतं. पुस्तकात मीटरमध्ये असेल तर आणखी एक हजाराचा अपूर्णांक.

थोडासाच फरक येतोय

गोल आकडा कुठे घेतला ते बघा. कळसूबाई १,६४६ मीटर. १,६४६ मी × (१ फूट / ०.३०४८ मी) = ५,४०० फूट. ३.३ ने गुणलंत तर ५,४३२, शिखर बत्तीस फुटांनी वाढलं. व्याख्येचे आकडे वापरा: १ फूट = ०.३०४८ मी, १ इंच = २.५४ सेंमी, १ मैल = १.६०९३४४ किमी. आणि अंकांची काटछाट अगदी शेवटी, मधल्या ओळींत नाही.

गुणकाने होतच नाही असं रूपांतर

धावणारे लोक वेग मिनिटं प्रति किलोमीटरमध्ये सांगतात. ६ मिनिटं/किमी म्हणजे किती किमी/तास? कुठलाही अपूर्णांक लावा, किमी खालीच राहील. आधी सगळी राशी उलटी करावी लागते: १ किमी / ६ मिनिटं × (६० मिनिटं / १ तास) = १० किमी/तास. म्हणून ५ ची सरासरी आणि ७ ची सरासरी यांची मधली किंमत काढायची तर कोणत्या एककात काढताय त्यावर उत्तर बदलतं. गाडीचं मायलेज किमी/लिटरवरून लिटर/१०० किमीवर नेताना हेच करायचं: ४० किमी/लिटर म्हणजे २.५ लिटर/१०० किमी. सेल्सिअस-फॅरनहाइटला तर ही पद्धत लागूच नाही. तिथे दोन्ही मापांची शून्यं वेगळी आहेत.

एककं जुळली, तरी उत्तर चूक

इथे पद्धतीची हद्द संपते. एककं कापून मांडणी तपासता येते, गुणक खरा आहे की नाही ते तपासता येत नाही. गतिज ऊर्जेच्या सूत्रातला १/२ विसरलात तरी एकक जूलच येणार. बलाचा आघूर्ण आणि ऊर्जा, दोन्हींची मिती एकच, म्हणून त्यांची अदलाबदल या चाळणीतून सुटते.

अंतरांत ही अडचण मैलाची. कोकण किनाऱ्यावर "बारा मैलांच्या आत" म्हणतात ते सागरी मैल. प्रादेशिक समुद्राची हद्द १२ सागरी मैल, आणि १ सागरी मैल = १.८५२ किमी, म्हणजे २२.२ किमी. रस्त्याचा मैल धरला तर १९.३. दोन्ही मांडण्यांत "मैल" व्यवस्थित कापला जातो, दोन्हींत किमी उरतं, आणि जवळपास तीन किलोमीटरचा फरक कुठेच दिसत नाही. म्हणून अपूर्णांकात नुसतं "मैल" न लिहिता "सागरी मैल" असं पूर्ण नाव लिहायचं. मग वरच्या नुसत्या "मैला"शी ते कापता येत नाही आणि थांबावं लागतं.

बिघ्याचं याहून वाईट. गुजरात, राजस्थान, बंगाल, प्रत्येकाचा बिघा वेगळा, आणि एका राज्यातही जिल्ह्यागणिक फरक. बाहेरच्या राज्यातल्या जमिनीचा कागद हातात आला आणि त्यात बिघा दिसला, तर शेजारी चौरस मीटरचा आकडा लिहून मागा. तो मिळत नसेल तर तिथल्या पटवाऱ्याकडून त्या गावाचा बिघा किती चौरस फुटांचा ते कळेपर्यंत रूपांतराला हात लावू नका. नेटवरच्या तक्त्यातला बिघा त्या गावचा असेलच असं नाही.